जोडीदार ‘अत्यावश्यक’ असतो का? महासाथीतली प्रवासबंदी आणि परदेशी शिकायला निघालेली जोडपी

७ जून २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविशिल्ड लशीबद्दल एक नवी कार्यपद्धती जाहीर केली. तुम्हाला आठवत असेल, त्या वेळी या लशीच्या दोन डोसमध्ये १२ ते १६ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागत होतं. पण तीन प्रकारच्या लोकांना दुसरा डोस २८ दिवसांनंतर घेण्याची मुभा मिळाली: परदेशी शिकायला जाणारे विद्यार्थी, परदेशात नोकरीवर रुजू होणारे, आणि टोकियो ऑलिम्पिकला निघालेले खेळाडू व त्यांच्यासोबतचे कर्मचारी. ही यादी एकदा सावकाश वाचा. खेळाडूबरोबर जाणारा माणूस तिच्यात आहे. विद्यार्थ्याबरोबर जाणारी बायको किंवा नवरा मात्र नाही.

कुणी मुद्दाम वगळलं असेल असं मला वाटत नाही. विद्यार्थी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकटा मुलगा किंवा एकटी मुलगी येते, पाठीवर सॅक आणि विमानतळावर रडवेले आईवडील. प्रत्यक्षात दोनचार वर्षं नोकरी करून, लग्न झाल्यावर मास्टर्सला किंवा पीएचडीला जाणारे कितीतरी जण असतात. त्या जोडप्यांचं महासाथीच्या दोन वर्षांत काय झालं, आणि साथीच्या कारणाने माणसांना अडवण्याच्या जुन्या इतिहासात ते कुठे बसतं, हे आज पाहू. ‘अत्यावश्यक’ हा शब्द आपण सगळ्यांनी तेव्हा रोज ऐकला. ई-पास काढताना, दुकान उघडताना, लोकलमध्ये चढताना. परदेशी जाणाऱ्या जोडप्यांसमोर तोच शब्द वेगळ्या रूपात उभा राहिला. शिक्षण अत्यावश्यक ठरलं, मग जोडीदार?

आधी त्या डोसच्या अंतराचं वैद्यकीय गणित समजून घेऊ, कारण पुढच्या गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या लशीच्या चाचण्यांचं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. दोन डोसमध्ये ६ आठवड्यांपेक्षा कमी अंतर असेल तर लक्षणं असलेल्या कोविडपासून मिळणारं संरक्षण सुमारे ५५ टक्के, आणि १२ आठवडे किंवा जास्त अंतर असेल तर सुमारे ८१ टक्के, असं त्यात दिसलं. पहिल्या डोसनंतर प्रतिकारशक्तीला पुरेसा वेळ दिला की दुसऱ्या डोसला ती जास्त जोमाने प्रतिसाद देते, हे अनेक लशींबाबत दिसतं. त्यामुळे मे महिन्यात अंतर वाढवण्याचा निर्णय झाला तेव्हा त्याला आधार होता. लशींचा तुटवडाही होता, हे सोडून देता येणार नाही.

म्हणजे २८ दिवसांची सवलत ही ‘थोडं कमी संरक्षण चालेल, पण प्रमाणपत्र वेळेत हवं’ अशी तडजोड होती. ती योग्यच होती. पण आता एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. दोघांनी १० जूनला पहिला डोस घेतला. प्रवेशपत्र हातात असलेल्या नवऱ्याचा दुसरा डोस ८ जुलैला होऊ शकतो. बायकोचा मात्र २ सप्टेंबरला. एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच लशीचा डोस घेतलेल्या दोन माणसांमध्ये आठ आठवड्यांची दरी पडली, आणि तिला वैद्यकीय कारण एकही नाही.

पहिला डोस मिळवणंही सोपं नव्हतं. महाराष्ट्रात १२ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचं सरकारी लसीकरण तुटवड्यामुळे थांबवलं होतं. मुंबई महापालिकेने मेअखेरीस परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राजावाडी, कूपर आणि कस्तुरबा या रुग्णालयांत नोंदणीशिवाय थेट येऊन लस घेण्याची सोय केली. प्रवेशाची कागदपत्रं दाखवायची आणि लस घ्यायची. चांगली सोय होती. जोडीदाराने मात्र खासगी रुग्णालयाची वाट धरायची. जूनमध्ये कोविशिल्डच्या एका डोसची कमाल किंमत तिथे ७८० रुपये ठरली होती.

गरोदर असलेल्या तरुणींची पंचाईत आणखी वेगळी. गरोदर स्त्रियांना लस देण्याची परवानगी आपल्याकडे मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी. त्याआधी त्यांना कुठल्याच यादीत जागा नव्हती. सप्टेंबरमध्ये शिक्षण सुरू होणार, दिवस वाढत चाललेले, आणि २८ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे येणारी काही जोडपी औषध विचारायला आलेलीच नसत. तारखा लिहिलेला कागद पुढे ठेवून ‘यातून कसं बसवायचं?’ असं विचारत.

आता जरा मागे जाऊ.

बंदरावर थांबवलेली माणसं

साथ आली की आधी परका माणूस थांबवायचा, ही कल्पना फार जुनी आहे. एड्रियाटिक समुद्रकाठच्या रागूसा शहराने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, १३७७ मध्ये प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळं ठेवण्याचा नियम केला. पुढे हे दिवस ४० झाले आणि चाळीस या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रुळला. तेव्हा जंतू कुणाला माहीत नव्हते; पण दिवस मोजायचे, हे कळलं होतं.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा मुंबईचा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस या मूळच्या गोव्यातल्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा महाराष्ट्र सरकारने वापरला तो हाच कायदा. आणि त्याच महिन्यात व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली. मुंबईचा प्लेग युरोपात पोहोचू नये, हा तिचा मुख्य विषय होता. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर चढण्याआधी प्रवाशांची डॉक्टरी तपासणी होऊ लागली. काखेत किंवा जांघेत गाठ आहे का, ताप आहे का, हे बघायचं. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी वाहतूकही बंद केली गेली.

गंमत अशी, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये दाखवलं. त्याआधी माणसांच्या काखा तपासल्या जात होत्या आणि बोटीच्या तळाशी उंदीर निवांत होते.

याच काळात कुटुंब तुटण्याची भीती लोकांच्या मनात घर करून बसली. पुण्यात सैनिक घराघरांत शिरून आजारी माणसाला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत नेत. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर हल्ला केला. आपलं माणूस आत नेलं की परत दिसणार नाही, असं लोकांना वाटत होतं. ते इस्पितळ म्हणजे आजचं कस्तुरबा. ज्या ठिकाणी १२५ वर्षांनी विद्यार्थी लस घ्यायला रांगेत उभे राहिले, तेच. या दोन रांगांची तुलना मी करणार नाही, पण आजारापेक्षा ताटातुटीची धास्ती मोठी असते, ही गोष्ट आरोग्य खात्याला तेव्हाही जड गेली होती.

समुद्राच्या पलीकडे काय चाललं होतं? अमेरिकेने १८९१ च्या कायद्याने धोकादायक संसर्गजन्य आजार असलेल्यांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली, आणि १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कजवळ एलिस बेटावरचं केंद्र उघडलं. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बोटीवरच, थोडक्यात होई. स्वस्त तिकिटाच्या प्रवाशांना बेटावर रांगेत उभं केलं जाई. डोळ्यांच्या पापण्या उलटून ट्रॅकोमा आहे का ते बघत. ट्रॅकोमा निघाला तर माणूस परत. मग नवऱ्याला आत सोडलं आणि बायकोला परतीची बोट दाखवली, असं झालं तर त्या दोघांनी तिथल्या तिथे ठरवायचं: दोघांनी परतायचं की एकट्याने पुढे जायचं. तपासणी एकेका माणसाची होते आणि निर्णय मात्र घराला घ्यावा लागतो, हा पेच तेव्हापासूनचा.

आणि आपल्या आनंदीबाई जोशी? त्या ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या त्या गोपाळरावांशिवाय. तिथे साथीची बंदी नव्हती. पैसा आणि नोकरी आड होती. गोपाळराव नंतर वेगळ्या वाटेने अमेरिकेत पोहोचले आणि ११ मार्च १८८६ च्या फिलाडेल्फियातल्या पदवीदानाला हजर होते. पण मधला काळ आनंदीबाईंनी परक्या हवेत, परक्या अन्नावर, ढासळत्या प्रकृतीने एकटीने काढला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्या गेल्या. जोडीदार आधीपासून सोबत असता तर त्या वाचल्या असत्या, असा दावा डॉक्टर म्हणून मी करणार नाही. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं. मात्र परदेशी शिकणारं मराठी जोडपं म्हटलं की पहिली आठवण त्यांची येते, आणि त्या पहिल्याच गोष्टीत जोडीदार ‘नंतर येणारा’ आहे.

२०२०: दारं बंद, पण सगळ्यांना सारखी नाही

२० मार्च २०२० रोजी ऑस्ट्रेलियाने आपली सीमा बंद केली. नागरिक आणि कायमचे रहिवासी आत येऊ शकत होते, त्यांचे पती-पत्नीही. विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला मात्र ही मुभा नव्हती, म्हणून त्याच्या जोडीदारालाही नव्हती. एक माणूस मेलबर्नमध्ये शिकतोय आणि दुसरा नागपुरात व्हिसाच्या कागदासह बसलाय, अशी स्थिती आली. शिकणाऱ्याने भेटायला भारतात यायचं म्हटलं तर परतीचा दरवाजा बंद. खास परवानगीसाठी अर्ज करता येई. मिळेलच याची खात्री नसे. लसीकरण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि इतर व्हिसाधारकांसाठी हे दार उघडलं १५ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे जवळजवळ २१ महिने. मधे मे २०२१ मध्ये तर, आधीच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या माणसाने देशात पाऊल ठेवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड, असा नियम ऑस्ट्रेलियाने स्वतःच्या नागरिकांनाही लावला होता. तो १५ मेपर्यंत चालला.

ऑस्ट्रेलियावर टीका सोपी आहे, पण न्यायाने बोलायचं तर बेटासारखा देश, लवकर बंद केलेल्या सीमा आणि आल्यावर १४ दिवसांचं सक्तीचं विलगीकरण यांमुळे लस येईपर्यंत तिथे मृत्यू फार कमी राहिले. प्रवासबंदीचा उपयोग होतो. मात्र ती लवकर लावली आणि आतही काळजी घेतली तर. वूहानच्या बंदीचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झाला. त्या बंदीने चीनमधला प्रसार फक्त तीन ते पाच दिवस लांबला. परदेशात जाणारे रुग्ण मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सुमारे ८० टक्क्यांनी घटले, असं त्यात आढळलं. बंदी वेळ मिळवून देते. त्या वेळेचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न.

ब्रिटनची गोष्ट याच्या उलट बाजूची. भारतात सापडलेला, पुढे ‘डेल्टा’ नाव मिळालेला विषाणू पसरत असताना भारताला लाल यादीत टाकण्याची घोषणा १९ एप्रिल २०२१ ला झाली आणि ती लागू झाली २३ तारखेला. तोवर डेल्टा तिथे पोहोचला होता आणि जूनच्या सुरुवातीला तोच तिथला मुख्य विषाणू झाला. पण लाल यादी चालू राहिली ती ८ ऑगस्टपर्यंत.

या यादीचा जोडप्यांना अर्थ काय होता ते पाहा. ब्रिटन तेव्हा नऊ महिने किंवा जास्त मुदतीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला पती-पत्नी सोबत आणू देत असे. त्यासाठी जोडीदाराच्या नावाने दरमहा लंडनमध्ये ८४५ पौंड किंवा बाहेर ६८० पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे खात्यात दाखवायचे. शिवाय आरोग्य सेवेचा अधिभार वर्षाला ४७० पौंड, तोही प्रत्येकी. लाल यादी आली आणि यावर दहा दिवसांच्या हॉटेल-विलगीकरणाचा खर्च पडला: पहिल्या माणसाला १,७५० पौंड, त्याच खोलीतल्या दुसऱ्या प्रौढाला आणखी ६५०. दोघांचे २,४००, तेव्हाच्या दराने अडीच लाख रुपयांच्या आसपास. त्यात जेवण आणि चाचण्या होत्या. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर खोलीतल्या दुसऱ्याचाही मुक्काम लांबत असे. त्यामुळे अनेकांनी ठरवलं, आधी एकाने जायचं. ठरवलं म्हणण्यापेक्षा हिशेबाने ठरवून घेतलं.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, फारशी कुणाच्या लक्षात नसलेली. जागतिक आरोग्य संघटनेचे ‘आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम’ आहेत, २००५ चे. त्या व्हेनिसच्या परिषदांचेच हे वारस. त्यांतलं ४० वं कलम सांगतं, की प्रवाशाकडून विलगीकरणाचा खर्च घेऊ नये. पण कलमाची सुरुवातच अपवादाने होते: तात्पुरत्या किंवा कायमच्या वास्तव्यासाठी येणारे प्रवासी सोडून. म्हणजे पर्यटकाला कागदावर संरक्षण आहे. शिकायला येऊन राहणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला नाही. ब्रिटनने तर सगळ्यांकडूनच पैसे घेतले, तो भाग वेगळा. ३२ वं कलम प्रवाशांना सन्मानाने वागवा, अन्नपाणी द्या, सामान सुरक्षित ठेवा, असं सांगतं. सामानाची आठवण ठेवणाऱ्यांना सोबतच्या माणसाची आठवण झाली नाही.

कॅनडाने मात्र हा प्रश्न निदान स्पष्ट शब्दांत विचारला. ऑक्टोबर २०२० पासून मान्यताप्राप्त संस्थांच्या विद्यार्थ्यांना तिथे येता येऊ लागलं, आणि जवळच्या कुटुंबीयांबद्दल नियम असा, की त्यांचा प्रवास ‘ऐच्छिक’ नसावा. भेटायला, फिरायला येणं ऐच्छिक. विद्यार्थ्यासोबत तिथे राहून बस्तान बसवायला पती किंवा पत्नी येत असेल तर ते ऐच्छिक नाही. सगळ्या नियमावल्यांत मला ही ओळ सगळ्यात शहाणी वाटते. अर्थात एप्रिल २०२१ मध्ये कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं बंद केली आणि सप्टेंबरच्या शेवटपर्यंत ती बंदच राहिली. तिसऱ्या देशातून जायचं आणि आरटीपीसीआरसारखी चाचणीही तिथेच करायची, असा नियम आला. दोघांचा प्रवास, दोघांच्या चाचण्या, अनोळखी शहरात मुक्काम.

आणि त्या चाचणीत एक वैद्यकीय खाच होती. दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे महिन्यात, अनेक तरुण जोडप्यांना कोविड होऊन गेला होता. आरटीपीसीआर विषाणूच्या जनुकीय साहित्याचे तुकडे शोधते. विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे ती सांगत नाही. त्यामुळे पूर्ण बऱ्या झालेल्या, कुणालाही संसर्ग न देणाऱ्या माणसाची चाचणी कित्येक आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत, पॉझिटिव्ह येऊ शकते. नवरा निगेटिव्ह, बायको ‘पॉझिटिव्ह’, आणि दोघंही ठणठणीत, असं होऊ शकत होतं. कॅनडाने १४ ते ९० दिवसांपूर्वीचा पॉझिटिव्ह अहवाल पर्याय म्हणून मान्य केला होता. ज्यांनी तो जुना कागद जपून ठेवला, त्यांच्याकडे निदान दाखवायला काहीतरी होतं. ज्यांचं निदान सिटी स्कॅनवर किंवा नुसत्या लक्षणांवर झालं होतं, त्यांच्याकडे दाखवायला कागदच नव्हता.

लग्नाचा दाखला, लशीचा दाखला

हे सगळं लग्न झालेल्यांचं. ज्यांचं ठरलेलं होतं त्यांची तऱ्हा निराळी. सोबतच्या व्हिसाला लग्नाचा दाखला लागतो. आणि महाराष्ट्रात २२ एप्रिल २०२१ पासून लग्न म्हणजे एक सभागृह, दोन तास, २५ माणसं. नियम मोडला तर ५० हजार रुपये दंड. सरकारी कार्यालयांत १५ टक्के हजेरी. वऱ्हाडी कमी झाले याचं दुःख फारसं कुणाला नव्हतं, काही बापांना तर बरंच वाटलं असेल. पण नोंदणी रखडली की दाखला रखडतो, दाखला रखडला की व्हिसाचा अर्ज रखडतो, आणि सप्टेंबर कुणासाठी थांबत नाही.

लशीच्या दाखल्याचा घोळ त्यानंतरचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनचे नवे नियम आले. कोविशिल्ड लस मान्य, पण भारताचं प्रमाणपत्र मान्य नाही! तीच लस ब्रिटनमध्ये टोचली तर विलगीकरण नाही, पुण्यात तयार होऊन पुण्यात टोचली तर दहा दिवस घरात बसायचं. भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तसाच नियम लावला. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपलं प्रमाणपत्र मान्य केलं आणि हा प्रकार संपला.

कोवॅक्सिन घेतलेल्यांना आणखी थांबावं लागलं. आपल्याकडे केंद्रावर जी लस असेल ती घ्यायची, अशी परिस्थिती होती. त्यामुळे एकाच घरात एकाला कोविशिल्ड आणि दुसऱ्याला कोवॅक्सिन मिळणं अगदी साधी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने कोवॅक्सिनला आपत्कालीन वापराची मान्यता दिली ती ३ नोव्हेंबर २०२१ रोजी. ऑस्ट्रेलियाने प्रवासासाठी ती दोन दिवस आधी मान्य केली, अमेरिकेने ८ नोव्हेंबरपासून, ब्रिटनने २२ नोव्हेंबरपासून. इथे एक समज दूर करायला हवा. मान्यता नव्हती याचा अर्थ लस निकामी होती असा नव्हता. कारखान्याची तपासणी, चाचण्यांची आकडेवारी, तिची छाननी या प्रक्रियेला लागणारा तो वेळ होता. पण विमानतळावरचा अधिकारी प्रतिपिंडं मोजत नाही, यादी बघतो.

विषाणूच्या नजरेतून नवरा-बायको

आता डॉक्टर म्हणून माझं मत. घरात कोविडचा एक रुग्ण असेल तर इतरांना किती लागण होते, यावरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या ‘जामा’ समूहाच्या नियतकालिकात आलं. त्यात रुग्णाच्या पती-पत्नीला लागण होण्याचं प्रमाण सुमारे ३८ टक्के आढळलं. घरातल्या इतरांना सुमारे १८ टक्के. कारण उघड आहे: एक खोली, एक पांघरूण, एकच हवा.

म्हणजे साथीच्या हिशेबात जोडपं हे एकच घटक असतं. दोघांना एका विमानाने आणलं, एका खोलीत ठेवलं, एकाच वेळी तपासलं, तर यंत्रणेवरचा भार दोन अनोळखी प्रवाशांपेक्षा कमी पडतो. याउलट विद्यार्थ्याला जुलैत आणि जोडीदाराला नोव्हेंबरमध्ये आत घेतलं, तर दोन प्रवास, दोन विलगीकरणं आणि संसर्ग आत येण्याच्या दोन संधी. एखाद्या देशाने दोघांनाही अडवलं तर त्यामागचं आरोग्याचं तर्कशास्त्र मला समजतं. दोघांनाही सोडलं तरी समजतं. एकाला सोडायचं आणि दुसऱ्याला अडवायचं, याला साथरोगशास्त्रात आधार सापडत नाही. तो आधार व्हिसाच्या वर्गवारीत आहे, आणि ती वर्गवारी साथीच्या कितीतरी आधी, वेगळ्याच कारणांसाठी केलेली होती. एलिस बेटावर तिकिटाचा वर्ग बघत. इथे व्हिसाचा वर्ग बघितला गेला.

ताटातुटीचा प्रकृतीवर परिणाम होतो, हे सांगायला मोठा अभ्यास लागत नाही. वेळेच्या फरकामुळे रात्री दोनला चालणारे व्हिडिओ कॉल, तुटलेली झोप, जेवणाची आबाळ, ‘कधी येणार’ या प्रश्नाला उत्तर नसणं. मधुमेह किंवा थायरॉइडची औषधं विसरली जाणं हे मी स्वतः पाहिलं आहे. ज्यांना तारीख माहीत होती त्यांनी सहा महिनेही निभावले. ज्यांना तारीखच नव्हती त्यांना दोन महिनेही जड गेले.

बंद्या उठल्या तशी सोबतच्या व्हिसांची मागणी उसळली. ब्रिटन सरकारच्या आकड्यांनुसार विद्यार्थ्यांच्या कुटुंबीयांना २०१९ मध्ये सुमारे १६ हजार व्हिसा दिले गेले होते. २०२२ मध्ये १ लाख ३६ हजार. हा आकडा पुढे करूनच नियम बदलला, आणि जानेवारी २०२४ पासून तिथे संशोधनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनाच, काही सरकारी शिष्यवृत्त्यांचा अपवाद सोडला तर, जोडीदार नेता येतो. साध्या मास्टर्सला जाणाऱ्याला नाही. साथीने जे दार तात्पुरतं लावलं होतं, ते बहुतेकांसाठी कायद्याने लागलं.

जे आता पीएचडीला जोडीने ब्रिटनला निघणार आहेत त्यांच्यासाठी एक तपासणी शिल्लक आहेच, तीही आनंदीबाईंच्याच आजाराची. सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्यांना २०१२ पासून भारतातच, मान्यताप्राप्त केंद्रात, क्षयरोगाची तपासणी करावी लागते, विद्यार्थ्याला आणि जोडीदाराला वेगवेगळी. छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर प्रमाणपत्र लगेच मिळतं आणि ते सहा महिने चालतं. एक्स-रेत सावली दिसली, मग ती जुन्या बऱ्या झालेल्या न्यूमोनियाची का असेना, तर थुंकीचे तीन नमुने घेतात आणि कल्चरच्या अंतिम निकालाला आठ आठवड्यांपर्यंत लागतात. गरोदर असाल तर एक्स-रेआधी तसं सांगा. पोटावर संरक्षक आवरण घेऊन एक्स-रे किंवा थेट थुंकीची तपासणी, असे पर्याय मिळतात. लहानपणी क्षय होऊन गेला असेल तर उपचाराचे कागद आणि जुना एक्स-रे सोबत न्या. आणि दोघांनी तपासणी एकाच दिवशी, निघण्याच्या निदान तीन महिने आधी करून घ्या.